कोटावरचे बारा दिवस

बाजारात शिरलं की डाव्या हाताला भांडी, पुढे दोऱ्या, मग मासळीची शेड. शेडच्या अलीकडे, एका खांबाला पाठ लावून, हातरुमालाएवढ्या जागेत बटणमावशीचं दुकान. दुकान म्हणजे अठ्ठेचाळीस खणांचं एक लाकडी कपाट आणि पुढे एक फळी. शिंपल्याची बटणं, लाकडाची, शिंगाची, पितळेची, बाळाच्या झबल्याला लागणारी मसुराएवढी, ओव्हरकोटाला लागणारी बशीएवढी. तुम्ही नुसता सदरा पुढे केलात, तर मावशी बघायच्या आधीच हात योग्य खणात घालायची. ती म्हणायची, "डोळे गिऱ्हाइकाकडे ठेवावेत. खण हाताला ठाऊक असतात."

ही जागा तिच्या आजीची. मग आईची. मग तिची. आता लेकीची व्हायची होती, आणि तिथेच सगळं अडलं होतं.

मी हे मावशीच्या तोंडून ऐकलं आणि तिच्या लेकीकडून ताडून घेतलं. दोघींच्या सांगण्यात जिथे फरक पडला तिथे मी लेकीचं धरलं आहे, कारण मावशी स्वतःची चूक सांगताना ती जरा जास्तच रंगवते.

तर अडचण अशी. बाजारात दोनशेच्या वर बायका बसतात. सकाळी सातला येतात, दिवेलागणीला उठतात. त्यांच्यासाठी स्वच्छतागृह होतं. मासळीच्या शेडमागे, पक्क्या भिंतींचं, दारावर बाईचं चित्र काढलेलं. त्या दाराला कुलूप. आत नगरपालिकेचे झाडू, मोडके तराजू आणि जुने फलक ठेवलेले. म्हणून बायकांनी आपला एक रिवाज पाडून घेतला होता, आणि तो इतका जुना झाला होता की तो रिवाज आहे हेही कुणाच्या लक्षात नव्हतं. सकाळपासून पाणी प्यायचं नाही. पहिला घोट घरी जाऊन.

मावशीचं शरीर त्याला सरावलं होतं. लेकीचं सरावलं नाही. दुकानात बसू लागल्यावर दुसऱ्याच वर्षी ती तापाने फणफणली, कंबर धरून बसली. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "दिवसभर पाणी प्यायचं. जमत नसेल तर बाजार सोडायचा. दोन्ही एकदम होणार नाही."

मावशीने कपाटाकडे पाहिलं. अठ्ठेचाळीस खण आणि ते ओळखणारे दोनच हात. लेक अर्धा दिवस येऊ लागली.

त्याच सुमारास वकीलताई आली. केस आखूड, पायात चपटे जोडे, खांद्याला फायलींची पिशवी. ती आणि तिच्या ऑफिसातली माणसं वस्त्यांमधून फिरत, लोकांबरोबर बसून खटले उभे करत. पहिल्या बैठकीला तिने आठ बायकांना ऑफिसात बोलावलं, प्रत्येकीपुढे पाण्याचा पेला ठेवला. तासभर बोलणं झालं. पेल्यांना कुणी हात लावला नाही. दुसऱ्या बैठकीलाही तेच. वकीलताईला वाटलं, आपल्यावर विश्वास नाही, किंवा पेले नीट विसळलेले नाहीत. तिसऱ्या वेळी तिने नवे पेले आणले. तेव्हा मासळीवाली हसत सुटली.

"अगं ताई, पेले सोन्याचे आण. इथून आम्हाला परत बाजारात बसायचंय."

वकीलताई उठली. मग तिने आपल्या ऑफिसच्या संडासाचं दार उघडून दाखवलं आणि म्हणाली, "आधी हे बघून या. मग पाणी प्या. मग बोलू." त्या दिवशी बायकांनी माठ रिकामा केला.

बोलणं झालं ते असं. वकीलताई म्हणाली, "तुमच्या एका बाजाराचं कुलूप अर्ज करूनही उघडेल कदाचित. पण शहरात असे सतरा बाजार आहेत. तुमचा खटला नीट लढलो तर सतराही कुलपं उघडतील. वेळ लागेल. चालेल?"

"आणि पहिलं नाव कुणाचं?" मासळीवालीने विचारलं.

सगळ्यांनी बटणमावशीकडे पाहिलं. ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? माझ्या तोंडावर खटला लिहिलाय का?" पण नाव तिचंच लागलं.

नगरपालिकेने लेखी उत्तर दिलं. स्वच्छतागृह रोज सकाळी आठ ते रात्री आठ खुलं असतं. वकीलताई म्हणाली, "आपण रोज बघायचं आणि वहीत टिपायचं."

"वही तुझी," मावशी म्हणाली. "माझे हात बटणांत असतात. मी माझ्या पद्धतीने टिपते."

तिने मेण लावलेला दोरा घेतला. रोज सकाळी दहाला शेडमागे जायचं, कुलूप ओढून बघायचं. बंद असलं तर चार भोकांचं मोठं तपकिरी बटण ओवायचं. उघडं असलं तर पांढरं. बाजार बंद असेल त्या दिवशी नुसती गाठ. आणि खणातल्या बटणांत मिसळू नये म्हणून ओवण्याआधी प्रत्येकाच्या पाठीला तापल्या सुईने एक ठिपका. बाजाराचे नव्वद दिवस झाले. अठ्ठ्याऐंशी तपकिरी, दोन पांढरी. एकदा झाडू बाहेर काढले होते आणि एकदा कुणी अधिकारी येणार म्हणून दार धुतलं होतं. वकीलताईने मावशीला विचारून सगळं प्रतिज्ञापत्रात लिहिलं आणि म्हणाली, "माळ जिवापाड जपा. न्यायाधीश मागतील."

मावशीने ती जपली, म्हणजे दुकानाच्या खिळ्याला टांगली.

आणि एका दुपारी एक काकू आल्या. उंच, ताठ, गळ्याला दोरीने चष्मा. त्यांना जाड कोटासाठी बटणं हवी होती. तपकिरी, मोठी, चार भोकांची. दोन ओळींत आठ आणि बाह्यांना चार. खण उघडला तर रिकामा. आता, तीस वर्षांत मावशीने गिऱ्हाइकाला "नाही" म्हटलेलं नव्हतं. डोळे काकूंकडे होते. हात खिळ्याकडे गेला. दोऱ्याच्या टोकाच्या गाठी सोडल्या, बारा बटणं घसरवली, कागदात बांधली, दोऱ्याला पुन्हा गाठ मारली. काकू समोरच्या कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे गेल्या आणि मावशी दुसऱ्या गिऱ्हाइकाचे हुक शोधू लागली.

चूक ध्यानात आली ती दुकान आवरताना. माळ हातात घेतली आणि हलकी लागली. मावशीने मोजून पाहिली, बारा कमी. मग स्वतःची समजूत घातली, की एवढी थोरली माळ, बारा कमी झाली तर कोण मोजतंय? लेकीलाही सांगितलं नाही.

मोजणारा कोर्टात उभाच होता. नगरपालिकेचा वकील जाडजूड, मिशाळ, सावकाश बोलणारा. मावशीने त्याला पाहिलं तेव्हा पहिलं काय दिसलं असेल, तर काळ्या कोटाच्या डाव्या बाहीचं तुटलेलं बटण. त्याने माळ उचलली आणि एकेक बटण पुढे सारत मोजली, इतकी सावकाश की पंखासुद्धा थांबल्यासारखा वाटला.

"साहेब, प्रतिज्ञापत्रात नव्वद दिवस आहेत. इथे अठ्ठ्याहत्तर बटणं आहेत. मग बारा दिवस दार उघडं होतं असं समजायचं का?"

वकीलताईचा चेहरा उतरला. मागच्या बाकावरून लेक कुजबुजली, "आई, दोरा तुटला म्हण. बारा हरवली म्हण."

मावशी उठून उभी राहिली. "हरवली नाहीत, साहेब. विकली."

"काय केलंत?" न्यायाधीशांनी चष्मा काढला.

"विकली. गिऱ्हाईक समोर उभं होतं, खण रिकामा होता, हात गेला. चूक माझी. पण बटणं विकणं हा माझा धंदा आहे, साहेब. खोटं विकणं नाही. त्या बाराही दिवशी कुलूप होतं."

कोर्टात असं हसू फुटलं की शिपायाला दोनदा "शांत" म्हणावं लागलं. वकीलताईने कपाळाला हात लावला होता, पण बोटांआडून तीही हसत होती.

"आणि ती बटणं आता कुठे असतील?" मिशाळ वकिलाने विचारलं.

"कोटावर. शिवलेलं बटण कुठे जात नाही. निदान माझ्याकडचं तरी. उलटून बघा, प्रत्येकाच्या पाठीला सुईचा ठिपका आहे."

न्यायाधीशांनी माळेतलं एक बटण उलटलं. दुसरं उलटलं. मग म्हणाले, "तीन आठवडे देतो. कोट आणा."

दुसऱ्याच दिवशी नगरपालिकेचा माणूस चावी घेऊन बाजारात आला. खटला मागे घ्या, उद्यापासून हे दार उघडं. वकीलताईला निरोप गेला. ती आली आणि पालथ्या खोक्यावर बसली.

"खरं सांगते, माळेमुळे आपली बाजू जरा लंगडी झालीय. हे घेतलंत तर तुमचा बाजार आज सुटेल. उरलेले सोळा तसेच राहतील. निर्णय तुमचा. तुम्ही म्हणाल ते मी लिहीन, आणि मनात काही ठेवणार नाही."

सगळ्यांच्या नजरा लेकीकडे, कारण दुखणं तिने काढलं होतं. मावशीच्या तर ओठावर "घेऊन टाका" आलंच होतं.

लेक म्हणाली, "माझी मैत्रीण स्टेशनमागच्या बाजारात कांदे विकते. तिला मी काय सांगू? माझं झालं, तू बघ तुझं? आणि चावी त्यांच्या खिशात राहिली तर उद्या झाडू परत आत. मी आणखी महिनाभर अर्धा दिवस बसते. कोट शोधा."

"पोरगी कुणावर गेलीय गं?" मासळीवाली म्हणाली.

"आजीवर," मावशी म्हणाली आणि डोळे पुसायला उगाच कपाटाकडे वळली.

चावीवाला आला तसा गेला. बाजार कोटाच्या मागे लागला. तसा शोध फार लांबला नाही. कोपऱ्यावरच्या शिंप्याने कात्री खाली न ठेवताच सांगितलं, "त्या ना? गाणं शिकवायच्या शाळेत. आता निवृत्त. थंड गावी बहिणीकडे जायला कोट शिवला. परवाच परतल्या." मावशी आणि वकीलताई त्यांच्या दारात गेल्या. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "किती वाजता यायचं?"

त्या दिवशी उन्हाने रस्ता मऊ केला होता. काकू कोर्टात आल्या त्या गळ्यापर्यंत बटणं लावलेला जाड लोकरी कोट घालून. कपाळावरून घाम ओघळत होता, मान ताठ.

"बाई, कोट काढा," न्यायाधीश कळवळून म्हणाले. "उकडतंय."

"काढणार नाही, साहेब. पुरावा आहे. माझ्या अंगावरून हलला तर हे वकीलसाहेब म्हणतील बदलला."

जाड कोटाचं बटण शिंपी खाली दोऱ्याची उभी मान ठेवून शिवतो, म्हणून ते उलटून बघता येतं. कारकून बाई भिंग घेऊन जवळ गेल्या. छातीवरची आठ, बाह्यांवरची चार. प्रत्येक वेळी त्या म्हणत, "ठिपका." बाजारातल्या बायका मागच्या बाकांवरून त्यांच्याबरोबर म्हणू लागल्या, आणि सहाव्यानंतर शिपायाने त्यांना गप्प करणं सोडून दिलं. बाराव्या ठिपक्याला तोसुद्धा पुटपुटला म्हणे. हे मावशीचं सांगणं, लेक याला दुजोरा देत नाही.

"बटणं माळेचीच, हे मान्य," मिशाळ वकील म्हणाला. "पण कुलूप होतं हे बटण कसं सांगणार?"

"बटण नाही, मी सांगते," काकू म्हणाल्या. "बटणं घेतली त्या दिवशी मला गरज पडली. शेडवरची पाटी बघून मागे गेले. कुलूप. तिथून माझं घर वीस मिनिटांवर आहे, साहेब. ती वीस मिनिटं मी कशी चालले ते मात्र या कोर्टात सांगणार नाही."

न्यायाधीश खाली मान घालून लिहू लागले. त्यांचे खांदे हलत होते.

मग त्यांनी स्वतःचा माणूस सतराही बाजारांत पाठवला, न कळवता. अकरा ठिकाणी कुलूप, चार ठिकाणी दारच नाही, दोन ठिकाणी गोदाम. पुढच्या तारखेला निकाल आला. सगळ्या बाजारांत बायकांसाठी चालू, धुतलेलं, पाणी असलेलं स्वच्छतागृह, आणि चावी बाजारातल्या बायकांकडे. मावशीला निकालातलं एवढंच पाठ आहे. तेवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणते.

कोर्टाच्या व्हरांड्यात तिने मिशाळ वकिलाला अडवलं. "हात पुढे करा." सुईदोरा पिशवीत असतोच तिच्या. उभ्या उभ्या तिने त्याच्या बाहीला काळं बटण लावलं, दाताने दोरा तोडला. "पहिल्या दिवसापासून खुपत होतं मला," ती म्हणाली. तो इतका मोठा माणूस, पण बाही उलटून बघू लागला. "ठिपका आहे का याला?" एवढंच त्याने विचारलं.

झाडू, तराजू, फलक बाहेर निघाले. नळ बसला. माळ परत मिळाली, आणि आता त्याच माळेला स्वच्छतागृहाची चावी बांधली आहे. लांबच लांब, खुळखुळणारी. ती घेऊन कुणी शेडमागे निघालं की अख्ख्या बाजाराला कळतं, आणि कुणालाही त्याचं काही वाटत नाही. बारा बटणं काकूंनी परत दिली नाहीत. बहिणीच्या गावी त्या कोटाची गोष्ट सांगून सांगून त्यांचा घसा बसतो म्हणे.

मी गेलो होतो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. लेक फळीमागे बसली होती, पूर्ण दिवसाची. शेजारी पाण्याने भरलेला तांब्या. मावशीने पेला भरला, एका दमात प्यायली, पुन्हा भरला, तोही प्यायली. मग खिळ्यावरची माळ खांद्यावर टाकली.

"बस गं जरा दुकानावर," ती लेकीला म्हणाली, "आलेच."

आणि निघाली. आधी उलट्या बाजूला वळून भांडीवालीशी बोलली, दोरीवाल्याची थट्टा केली, मग शेडकडे येऊन मासळीवालीच्या टोपलीत डोकावून नाक मुरडलं. तिला कसलीही घाई नव्हती.