गच्चीवरचा सेट, खाटेवरची आई

आई पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण डॉक्टरांनी जिना बंद केला, तोही कायमचा. आईला लागतं ते सगळं खालीच आहे, असं आम्ही म्हणालो. तसं नव्हतं. गच्चीवरच्या खोलीत तिचा हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांचा बिनतारी संच होता.

सेट बाबांनी घेतलेला, तीस वर्षांपूर्वीचा. बाबा कोराडीच्या वीज केंद्रात होते. दोघांनी सोबत परीक्षा देऊन परवाने काढले होते. बाबा गेल्यावरही आई रोज सकाळी सातला वर जायची, माइकवर आपला कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरची ओळखीची अक्षरं, सांगायची आणि गावोगावच्या हौशी लोकांशी गप्पा मारायची. त्यातल्या कोणालाच तिने पाहिलं नव्हतं, कोणाचा फोन नंबरही घेतला नव्हता.

ती दवाखान्यातून घरी आल्यावर एका सकाळी मी वर झाडायला गेले आणि सहज सेट लावला. एक म्हातारा आवाज आईचा कॉलसाइन घेऊन हाक मारत होता. तो थांबायचा, पुन्हा हाक मारायचा. मग कोणाला तरी म्हणाला, "उद्या परत पाहू." माझ्याकडे परवाना नाही, त्यामुळे उत्तर देता येईना. खाली येऊन आईला सांगितलं. तिने भिंतीकडे तोंड केलं.

मी सेट खाली आणते म्हटलं, तर ती म्हणाली, "त्याले हलवू नको वं. तुह्या बाबानं ठेवला तसाच राहू दे."

मी बुटीबोरीला एका कापड कारखान्यात मशीनांची इलेक्ट्रॉनिक दुरुस्ती करते. सीताबर्डीच्या बाजारातून मायक्रोकंट्रोलरचे, म्हणजे एका चिपवरच्या छोट्या संगणकाचे, दोन बोर्ड आणले. एक वर, सेटच्या माइकच्या जागी जोडला. माइकवरची बटणं कोणीतरी दाबतंय असंच सेटला वाटावं, एवढंच त्याचं काम. दुसरा आईच्या खाटेजवळ, वायफायवरून वरच्याला हुकूम द्यायला. आवाजासाठी गच्चीवरून खिडकीतून एक वायर सोडली. पहिल्यांदा सगळं मोबाइलच्या स्क्रीनवर दिलं होतं. आईने दोनदा बोट फिरवलं आणि मोबाइल बाजूला ठेवला. काचेवर हाताला काही लागत नाही, म्हणाली. मग मी पूर्ण रविवार घालवून एका डब्यावर स्टेशन शोधायला फिरवायचा गोल नॉब बसवला, एक माइक, छोटा स्पीकर, आणि बोलताना दाबून धरायला एक मोठं बटण.

सोमवारी सातच्या आधीच तिने मला केस विंचरून द्यायला लावले. कोणी पाहणार नव्हतं, पण मी विंचरले. तिने नॉब हळूहळू फिरवला. खरखर, शिट्टी, मग माणसांचे आवाज. तोच म्हातारा आवाज हजेरी घेत होता. शेवटी त्याने आईचा कॉलसाइन घेतला. रोज घेत असणार.

आईने बटण दाबलं. वरच्या खोलीत सेट प्रक्षेपण करत होता, आणि त्यातून बहुधा तिचा श्वासच जात होता. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग ती म्हणाली, "मी आहे. पडली होती. आता ऐकून राहिली."

तिने बटण सोडलं. मग त्या म्हाताऱ्याने घसा खाकरून विचारलं, "ताई, जेवण जाते ना नीट?"

आई त्याला दवाखान्यातल्या पातळ वरणाबद्दल सांगू लागली. मी चहा ठेवायला आत गेले.