गालाला लावलेला कोर

“हिच्या तोंडाला लागलेलं हितं ठेवायचं न्हाई. दुसरं काढा.”

आईसाहेब हे मला म्हणाल्या नाहीत. सुपरवायझरला म्हणाल्या. आईसाहेब म्हणजे आमच्या मालकांची आई. हातात पूजेचं ताट, मागे सून, त्यामागे मालक आणि त्यांचा पुण्यात शिकून आलेला मुलगा. मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते. माझ्या हातात वाळूचा कोर होता आणि तो मी नुकताच गालाला लावून पाहिला होता.

“कुठली ही?” त्यांनी विचारलं.

सुपरवायझर आमच्याच कोळवण खोऱ्यातला. रोज एकाच जीपने येतो आम्ही. त्याने माझं नाव सांगितलं नाही. गावाचंही सांगितलं नाही. म्हणाला, “विहारामागच्या वस्तीतली हाय.”

आईसाहेबांनी मान हलवली. त्यांना जे कळायचं ते कळलं. मग तांब्यातलं पाणी घेतलं आणि मी जिथे चार कोर ठेवले होते तिथे शिंपडलं. वाळूच्या मोल्डवर पाणी. पोलाद ओतायच्या मोल्डवर. तेवढे थेंब भट्टीच्या धगीने वाळले असते, त्याचं मला काही वाटलं नाही. पण कशावर शिंपडलं ते मला समजलं. माझ्यावर.

नवीन माणसाला हे सगळं कळणार नाही म्हणून कामाचं सांगते. आमच्या कारखान्यात नांगराचे पोलादी भाग ओततात. ट्रॅक्टरच्या पलटी नांगराचा फाळ ज्या जाड तुकड्यावर आवळतात, तो तुकडा आमच्याकडचा. पॅटर्नभोवती, म्हणजे त्या तुकड्याच्या नमुन्याभोवती, वाळू ठासून मोल्ड करायचा, त्यात भट्टीतलं पोलाद ओतायचं. नांगराचा दांडा बसायला त्या तुकड्यात मनगटाएवढं भोक लागतं. ते भोक नंतर पाडत बसत नाहीत. तिथे आधीच वाळूचा कडक दांडका ठेवतात. पोलाद त्याच्याभोवती थिजतं, मग दांडका फोडून काढायचा. त्या दांडक्याला कोर म्हणतात. तो मी करत होते. नऊ वर्षं.

वाळूत चिकट सिलिकेट कालवायचं, पेटीत ठासायचं, वरून गॅस सोडायचा. बघता बघता वाळूचा दगड होतो. पण हा दगड भरवशाचा नाही. उघड्यावर राहिला तर हवेतलं पाणी पितो. दुसरीकडे कुठे चालत असेल, मुळशीत श्रावणात नाही चालत. इथे आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, धुतलेली कापडं चुलीवर वाळवावी लागतात. आणि कोर ओला राहिला की वर पोलाद पडल्याबरोबर त्या पाण्याची वाफ होते. वाफेला जायला वाट नसते. मग ती पोलाद घेऊन वर उडते. हे आमच्याकडे झाडू मारणाऱ्या बाईलाही ठाऊक आहे.

कोर ओला की कोरडा हे हाताला कळत नाही. सिलिकेटने हाताची कातडी मेलेली असते. गालाला कळतं. ओला कोर गालाला थंड लागतो. हे मला शांतामावशीने शिकवलं, माझ्या आधी कोर करायची ती. नऊ वर्षं एकेक कोर माझ्या गालाला लागून मोल्डमध्ये गेला. ते नांगर कुणाकुणाच्या रानात चालले असतील. तेव्हा कुणाचं रान बाटलं नाही.

तो सोमवार होता. नव्या नांगराचा नवा पॅटर्न, त्याचं पहिलं ओतकाम, म्हणून मालकांच्या घरचे पूजेला आलेले. शनिवारी केलेले कोर रॅकवर होते. रविवारची सुट्टी गेली होती आणि दोन दिवस पाऊस हटला नव्हता. मी सकाळी लवकर येऊन रॅकवरचा पहिला कोर गालाला लावला. थंडगार. म्हणून आठ कोर ओव्हनमध्ये वाळवले. ओव्हनमध्ये आठच बसतात. वाळल्यावर एकेक गालाला लावून पाहिला आणि त्यातले चांगले चार मोल्डपाशी ठेवले. आईसाहेबांनी पाहिलं ते आठवा लावताना.

माझे चारही कोर सुपरवायझरने उचलून कोपऱ्यातल्या पोत्यावर ठेवले. रॅकवरून चार आणले. कुणाच्या गालाला न लागलेले.

मी म्हणाले, “साहेब, रॅकवरचे ओले हायेत.”

“तू गप. बाहेर थांब जरा, पूजा व्हऊ दे.”

धाकट्या मालकाने मोबाईलमधून मान वर केली. हा इंजिनियर. ओलाव्याचं त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत असायला हवं. तो म्हणाला, “आजीचं ऐका ना, चार कोरने काय फरक पडतो?”

मी बाहेर गेले.

इथे मी थांबते, कारण हे मला नीट सांगायचं आहे. मला कुणी ढकललं नाही. मी माझ्या पायांनी गेले. मी एकदाच सांगितलं आणि गेले. दाराजवळ अन्वरभाऊ उभे होते, पौडचे, वीस वर्षं पोलाद ओतणारे. लाडल, म्हणजे पोलादाची ती मोठी बादली, क्रेनला लटकते. तिचं चाक फिरवून मोल्डमध्ये धार सोडायचं काम त्यांचं. ते चामड्याचे हातमोजे चढवत होते. मी त्यांच्या अंगाजवळून गेले. दोन शब्द बोलले असते तर पुरले असते. भाऊ, कोर ओले हायेत. बोलले नाही. माझा चेहरा तापला होता, डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते कुणाला दिसू नये एवढीच मला पडली होती. त्या वेळी मला ओल्या कोरची नाही, माझ्या अब्रूची काळजी होती.

भंगाराच्या ढिगापाशी पत्र्याच्या कडेला उभी राहिले. पागोळ्या खांद्यावर पडत होत्या. आतून घंटीचा आवाज आला, नारळ फुटल्याचा आला. मला माझा बाप आठवला. तो दुसऱ्याच्या भातखाचरात नांगर धरायचा. नांगरटीच्या पहिल्या दिवशी नांगराला हळदकुंकू लागायचं तेव्हा त्याला बांधावर उभं करायचे. पूजा झाली की हाक, ये रे, धर. मी लहान होते, विचारलं होतं, तुमी लांब का उभं राहता? म्हणाला होता, “आपलं काय जातंय त्यात?” बापाला मी तेव्हा मनातल्या मनात भित्रा म्हटलं होतं. आणि आज मी पत्र्याखाली उभी होते, शिकलेली, बारावी पास.

मग आवाज झाला. आधी गुडगुड, भात उतू जाताना होते तशी. मग फट्. मग माणसांचा.

मी आत पळाले तेव्हा मोल्डच्या तोंडातून पोलाद उडून सगळीकडे पडलं होतं. मालकांच्या घरचे लांब होते, त्यांना काही झालं नाही. अन्वरभाऊंच्या उजव्या हातमोज्यात पोलाद शिरलं होतं. मोजा निघत नव्हता. त्यांनी लाडल सोडली नव्हती. सोडली असती तर चार जण जिवानिशी गेले असते. डाव्या हाताने चाक उलटं फिरवून लाडल सरळ केली आणि मग खाली बसले. त्यांचा आवाज मी लिहिणार नाही.

कोपऱ्यातल्या पोत्यावर माझे कोरडे कोर तसेच होते. एक मी ओढणीत गुंडाळून डब्याच्या पिशवीत घातला. का घातला ते तेव्हा सांगता आलं नसतं.

तिसऱ्या दिवशी मला मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा. खुर्ची दिली. चहा मागवला, पाहुण्यांच्या कपातून. धाकटे मालक होते, सुपरवायझर भिंतीला टेकून उभा. मालक म्हणाले, “बसा ताई.” सोमवारपर्यंत मी ‘ए’ होते.

त्यांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. अपघाताचा जबाब. माझ्या नावाने लिहिलेला, खाली सहीला जागा. सरकारी साहेब चौकशीला येणार, त्यांना द्यायचा, फक्त कागदोपत्री, तुम्हाला काही होणार नाही, उलट कामावर कायम करून घेऊ, असं मालक बरंच बोलले. मी वाचत होते. बहुतेक मी वाचेन असं त्यांना वाटलं नव्हतं.

त्यात लिहिलं होतं की मी कोर न तपासता मोल्डपाशी दिले. माझ्या निष्काळजीपणामुळे ओलावा राहिला. मला पश्चात्ताप आहे.

मी कागद पुन्हा वाचला. मग विचारलं, “यात पूजा कुटं हाय?”

“पूजेचा काय संबंध?” धाकटे मालक.

“मग माझ्या गालाचा काय संबंध व्हता?”

सुपरवायझर पायाखालची फरशी बघत होता. मी त्याला विचारलं, “मी सांगितलं व्हतं का न्हाई, रॅकवरचे ओले हायेत म्हणून?”

“मला काय ऐकू आलं न्हाई,” तो म्हणाला. “भट्टीचा लई आवाज व्हता.”

मला वाटलं होतं मी रडेन. नाही रडले. मला राग आला, आणि मी कागद परत सरकवला. म्हणाले, “मी तपासले व्हते. तपासले म्हणून तर मला बाहेर काढलं. सही न्हाई करणार.”

मालकांचा आवाज लगेच खाली उतरला. “विचार कर. बाहेर जाऊन कोण ऐकतंय तुझं?” ‘ताई’ चहा संपायच्या आतच गेली. मी कप तसाच ठेवला आणि निघाले. गेटवर वॉचमनने सांगितलं, उद्यापासून येऊ नका, वरून निरोप आहे.

तिथून मी थेट दवाखान्यात गेले. अन्वरभाऊंचा हात कोपरापर्यंत गुंडाळलेला. दोन बोटं काढली होती, तिसऱ्याचं नक्की नव्हतं. त्यांची बायको बाजूला स्टुलावर. मी सगळं सांगितलं. पूजेचं, गालाचं, रॅकवरच्या कोरचं. आणि तेही सांगितलं की दारातून जाताना मी तुमच्या अंगाजवळून गेले आणि बोलले नाही.

मला वाटलं ते म्हणतील, जाऊ दे ताई, तुझा काय दोष. त्यांनी गुंडाळलेल्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, “वरडायला पायजे व्हतंस. मी चाकाला हातच लावला नसता.”

त्यांच्या बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. बरोबर होतं तिचं. मी उठले तेव्हा ते मागून एवढंच म्हणाले, “आता तरी वरड.”

घरी आल्यावर पिशवीतला कोर काढला. पुरावा म्हणून दाखवायचा होता, बघा, हा मी वाळवलेला, हा तपासलेला. तीन दिवस पिशवीत होता, घरात ओल, पत्रा गळतोय. हातात घेतला तर चुरा झाला. माझ्या हातातून नुसती वाळू पडली. मी तिथेच जमिनीवर बसले. नवऱ्याने विचारलं, आता काय दाखवणार? सही करून टाकली असतीस तर काम तरी राहिलं असतं. तो वाईट माणूस नाही. जांबे गावात बांधकामावर जातो, घाबरलेला आहे. म्हणाला, “आपलं काय जातंय एका सहीत?”

त्याने नेमके बापाचेच शब्द वापरले. मी म्हणाले, “अन्वरभाऊंची दोन बोटं गेली. माझ्या बापाचा जन्म गेला. आणि काय जायला पायजे?”

ते वाक्य मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. पोरगी अभ्यास करत होती, तिने मान वर केली. बरं झालं तिने ऐकलं.

परवा सरकारी साहेब येणार आहेत. मला बोलावलेलं नाही. कारखान्याचा कागद तयार असेल, माझी सही नसेल तर दुसऱ्या कुणाची असेल. मी जाणार आहे. पहिल्या जीपने, सुपरवायझर बसतो त्याच जीपने, त्याच्या समोरच्या सीटवर. गेटवर अडवलं तर गेटवर उभी राहीन, पावसात राहीन, पण भंगाराच्या बाजूला नाही. साहेबांची गाडी आत जाताना थांबवीन. माझ्याकडे कोर नाही, कागद नाही, साक्षीदार नाही. माझ्याकडे तोंड आहे. त्याच तोंडाचं त्यांना चालत नव्हतं. 

एकदा सांगून मी गप्प बसले होते. आता भट्टी चालू असली तरी ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगणार आहे. रॅकवरचे कोर ओले होते. वाळवलेले कोर काढून ते ठेवले. का काढले, ते आईसाहेबांना विचारा. त्या नाही म्हणाल्या तर मला पुन्हा विचारा. मी पुन्हा सांगेन.