जिनिंगमधलं खिडकीजवळचं टेबल

कंपनीचा मेल आला तेव्हा मी आईच्या छातीला बाम चोळत होते. पुण्यातल्या एका कंपनीसाठी मी दवाखान्यांची बिलं तपासते. काम सगळं घरून, वाशिमकडच्या मालेगावातल्या आमच्या दोन खोल्यांतून. मेलमध्ये लिहिलं होतं की घरून काम करणाऱ्यांनी महिनाअखेरीपर्यंत अशी जागा दाखवावी जिथं लाईट जात नाही, नेट तुटत नाही आणि मागून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत. ज्यांना जमत नसेल त्यांनी पुण्याच्या ऑफिसात हजर व्हावं. तेही जमत नसेल तर पुढच्या वाटचालीस शुभेच्छा. शुभेच्छा म्हणे! मेल्यांनो, एकदा इकडं येऊन उन्हाळ्याची एक दुपार काढून दाखवा, मग द्या शुभेच्छा.

पुण्याला जायचं म्हणजे आईला एकटं टाकायचं. वडील कधीच गेले, भाऊ-बहीण कोणी नाही. आईला दम लागतो. बादलीभर पाणी उचललं की ती भिंतीला टेकून उभी राहते आणि तिच्या छातीतून चुलीवर आधण ठेवल्यासारखा आवाज येतो. चल माझ्याबरोबर म्हटलं तर म्हणते, "मले तेथ कोन ओयखते वं? इथं विहारात चार बाया तरी इचारतात." म्हणजे जागा मिळाली तर मी मालेगावात, नाही तर ती एका गावात आणि मी एका गावात. एवढा सरळ हिशेब होता.

जागा दोनच होत्या. पहिली बसस्टँडसमोर मोबाईलच्या दुकानावर. मालक भला माणूस, इन्व्हर्टरही होता. पण खाली दिवसभर भोंगा लावलेला, "या या या, कव्हर घ्या, चार्जर घ्या!" मी एक दुपार तिथं बसून पाहिलं. मीटिंगमध्ये आमच्या मॅडमनं विचारलं, "तू जत्रेत बसली आहेस का?" सगळे हसले. मीही हसले.

दुसरी जागा म्हणजे मेडशी रोडवरची जुनी जिनिंग. म्हणजे जिथं कापसातून सरकी काढून रुईच्या गठाणी बांधत, तो कारखाना. कैक वर्षं बंद होता. मालक शेटजींचा नातू पुण्यात शिकून आला आणि त्यानं तिथं को-वर्किंग काढलं. ज्याला टेबल हवं त्यानं भाड्यानं घ्यायचं, नेट आणि जनरेटर त्यांचं. मी आईला नुसतं बोलले, तर ती उठूनच बसली.

"शेटजीची जिनिंग? मी बी येतो पाह्याले."

"तुला काय करायचं आहे तिथं?"

"माही अर्धी जिंदगी गेली तेथ. काहून नाई येऊ?"

ते खरं होतं. मी पोटात होते तेव्हाही ती त्या जिनिंगमध्ये जायची, आणि दम लागायला लागला तोवर जात होती. कापसाची धूळ तिथंच तिच्या छातीत बसली. डॉक्टरनं तसं स्पष्ट सांगितलं होतं. पण आईच्या मनात त्या जागेबद्दल राग म्हणून नाहीच. माझ्या मनात आहे, दोघींच्या वाटचा.

ती विहारात जायची चांगली साडी नेसून निघाली. दारात पोचल्यावर तिनं चपला काढून बाहेर ठेवल्या. आत सगळे बूट घालून फिरत होते. मी म्हटलं, "घाल ना, कोणी काढत नाही इथं." ती म्हणाली, "फरशी चकाचक हाय वं, डाग पडन." एसीच्या गारव्यात ती अनवाणी चालत होती आणि माझं डोकं तिथूनच सटकायला लागलं.

नातू माझ्याच वयाचा. बारीक दाढी, गोड बोलणं, आईला आल्या आल्या "आजी" म्हणाला. आई माझी साठीचीही नाही. त्यानं सगळं फिरून दाखवलं. सरकी काढायच्या यंत्रांपैकी एक रेचा तेवढा ठेवलेला, काळा रंग देऊन, वर मनीप्लँटची वेल सोडलेली. एक भिंत मुद्दाम खरवडून विटा उघड्या केलेल्या.

आईनं विटांवरून हात फिरवला. "पैसे सरले का बाप्पा? पलस्तर राह्यलं."

तो हसला. "आजी, हाच तर लुक आहे!"

मग आईनं सांगून टाकलं की ती इथंच कामाला होती. पोरगा एकदम फुलला. लॅपटॉपवर बसलेल्या पोरांना हाक मारून म्हणाला, "अरे, या इथं काम करायच्या! याच हॉलमध्ये!" पोरं कानातले हेडफोन काढून बघायला लागली. आईकडं कोणी इतकं बघितलं की तिला चेव येतो. "इथी बसो आमी, रांगेनं. कापसातली किडकी कवडी येचाची, पिवळा कापूस बाजूले टाकाचा. धूळ अशी उडे का समोरची बाई दिसे नाई."

"वाव," तो म्हणाला.

वाव! माझ्या आईच्या फुफ्फुसाला वाव म्हणाला भैताड. मी ओठ घट्ट मिटले, कारण माझं लक्ष खिडकीजवळच्या टेबलावर होतं. कोपऱ्यातलं, मागं भिंत, नेटची स्वतंत्र वायर. बाकी सगळी टेबलं हॉलमध्ये रांगेत, आणि तिथं सगळे फोनवर बोंबलत. कंपनीला चालेल असं हे एकच होतं. मी विचारलं तर तो मान हलवून म्हणाला, "ते एका बियाणे कंपनीवाल्यांनी मागून ठेवलंय. पण बघू." आणि मग आईकडं बघून त्याला सुचलं. रविवारी उद्घाटन होतं, वाशिम-अकोल्याहून पाहुणे येणार होते. आईनं रेच्याजवळ लुगडं नेसून कापूस वेचत बसायचं. "म्हणजे लोकांना जुना काळ फील होईल. मग टेबल तुमचंच समजा."

मी म्हटलं, "विचार करून सांगते." आई म्हणाली, "हाव, बसतो ना. त्यात काय मोठं!"

निघालो. जिनिंगचं ते मोठं लोखंडी गेट अजून तसंच आहे, त्यातलं छोटं दारही. आई दारापाशी आली आणि थांबली. हातातली पिशवी तिनं खाली ठेवली, दोन्ही हात वर केले आणि तोंड भिंतीकडं करून उभी राहिली.

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. पूर्वी सुटी झाली की बायांची इथं झडती व्हायची. पदरात कापूस नेतात म्हणून. शेटजींनी ठेवलेली एक बाई अंबाड्यापासून कमरेपर्यंत चाचपायची, आणि आमच्या वस्तीतल्या बायांच्या तर निऱ्याही सोडायला लावायची. हे आईनंच मला कधीतरी सांगितलं होतं, भाजी निवडताना, सहज. इतकी वर्षं झाली, पण गेट दिसलं आणि तिचे हात आपोआप वर गेले.

गेटवरचा वॉचमन फिदीफिदी हसायला लागला. चहा पीत उभी पोरं हसली, एकानं मोबाईल वर धरला. आईनं मागं वळून बघितलं, तिला आपली चूक कळली, आणि तीही हसली, पदर तोंडावर घेऊन. नातू धावत आला. काय झालं ते वॉचमननं सांगितलं, तर त्याचे डोळे लकाकले. "अहो आजी, हे पण करा ना रविवारी! एकदम ओरिजिनल आहे!"

मी म्हटलं, "तुझ्या आईला उभी कर ना हात वर करून! आण तिला, मी घेते झडती!"

त्याचा गोडवा कुठच्या कुठं गेला. "तुमची मर्जी, मॅडम. टेबल मागणारे आहेत," एवढं बोलून तो आत गेला.

घरात शिरल्यावर आई सुटली. "तुह्यावाली लाज तुह्यापाशी ठेव! मले कायची लाज? मी तं रोज देल्ली झडती, म्हनून तू शिकली. आता मोठी इज्जतवाली झाली!"

"मग काय करू? नाचवू तुला तिथं?"

"निंघ मंग पुण्याले. मी मेली का फोन करतीन लोकं तुले."

माझी आई अशी आहे. मारायचं तर बरोबर वर्मावर मारते. मीही काही कमी बोलले नाही. म्हटलं, तुझ्या एका खोकल्यापायी माझी नोकरी चालली, माझं लग्न राहिलं, सगळं राहिलं. ती म्हणाली, "माहीत हाय मले." आणि भाकरी थापायला बसली. त्या दिवशी आम्ही एकमेकींकडं पाठ करून जेवलो.

दोन दिवसांनी मी जिनिंगमध्ये गेले आणि त्या पोराची माफी मागितली. दात-ओठ खात मागितली, पण मागितली. सांगितलं, आई कापूस वेचायला बसेल, झडतीबिडती काही होणार नाही. तो पुन्हा गोड झाला. "अहो नाही हो, तुम्ही म्हणाल तसं."

रविवारी मंडप, पोह्यांच्या प्लेटा, हार-तुरे. रेच्यापुढं कापसाचा ढीग आणि ढिगामागं माझी आई, हिरव्या लुगड्यात. ते लुगडंही त्यानंच आणलेलं. पाहुण्या बाया तिच्या शेजारी उकिडव्या बसून फोटो काढत होत्या. आईला खोकल्याची उबळ आली तर एक जण म्हणाली, "थांबा आजी, खोकून घ्या, मग हसा." आई खोकली आणि मग हसली. एका साहेबांनी श्रमाच्या प्रतिष्ठेवर भाषण केलं. मी खांबाआड उभी राहून मनातल्या मनात प्रत्येकाला शिव्या घालत होते.

भाषण संपलं तसा एक सफारीवाला नातवाजवळ आला. बियाणे कंपनीचा. "ते खिडकीजवळचं आमचं पक्कं ना?" त्यानं विचारलं. नातू म्हणाला, "बघू ना साहेब, अजून कोणाला शब्द दिला नाही."

मी ऐकलं. आईनंही ऐकलं, ती दोन हातांच्या अंतरावर बसलेली. तिनं माझ्याकडं पाहिलं, लुगड्याला हात पुसले आणि उठली. मला वाटलं पाणी प्यायला निघाली. ती सरळ गेटकडं गेली, छोट्या दारापाशी थांबली, भिंतीकडं तोंड केलं आणि दोन्ही हात वर केले.

पाहुणे वळून बघायला लागले. नातवानं माइक उचलला. "आणि मंडळी, हे बघा! सुटीच्या वेळी कामगार बायांची अशी झडती व्हायची!" सगळे गेटपाशी गोळा झाले, मोबाईल वर. पण झडती घ्यायला कोणीच नव्हतं. नातवानं वॉचमनला खुणावलं, तर तो मागं सरकला. "बाईमानसाले मी कसा हात लावू, शेट?" पाहुण्या बाया एकमेकींकडं बघून हसायला लागल्या. आई तशीच उभी, हात वर.

"ये वं," ती मान न वळवता म्हणाली. "तू घे."

मी गेले. जायचं नव्हतं, पाय गेले. तिच्या अंबाड्यावरून हात फिरवला, त्यात कापसाचे तंतू अडकलेले होते. खांदे, काखा, पाठ. ब्लाउजखाली एकेक बरगडी हाताला लागत होती आणि प्रत्येक श्वासाला आतून घरघर येत होती.

"जोरानं चाप," ती हळूच म्हणाली. "अशी नसते झडती. लोकाइले खोटं वाटन."

मी जोरानं चापलं.

"आता निऱ्या."

मी वाकले आणि भर गर्दीत माझ्या आईच्या निऱ्या चाचपल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नातवानं माइकवर जाहीर केलं की खिडकीजवळचं टेबल या आजींच्या लेकीला दिलंय, तर आणखी टाळ्या पडल्या. सफारीवाल्यानंही वाजवल्या.

"मिळालं ना?" आईनं विचारलं.

"मिळालं. हात खाली घे आता."

तिनं घेतले नाहीत. तोंड भिंतीकडंच होतं. "झडतीवाली 'जाय' म्हने, मंग आमी हात खाली घेओ," ती म्हणाली. "म्हन ना वं लवकर, दम लागून राह्यला."

मी म्हटलं, "जाय."