आईच्या नावाचं पान

लग्न ठरलं तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, शाळेत गणित शिकवत होते आणि चांगली जाडजूड होते. अमेरिकेत कंप्युटरवर काम करणाऱ्या मुलाने फोटो पाहून होकार कळवला आणि खाली एक ओळ जोडली: लग्नापर्यंत जरा बारीक व्हायला सांगा. जरा म्हणे! त्या एका ओळीपायी मावशीने मद्रासच्या कुठल्याशा क्लिनिकमधून छापील कागद आणला आणि माझा भात बंद झाला. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तंजावरात राहिलेले मराठी; गावाबाहेर पडावं तर चहूकडे भातशेती, आणि माझ्या ताटात उकडलेला कोबी. फळ्यावर लिहिताना दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली. मावशी माझ्या कंबरेला टेप लावून खूश होती.

आमच्याकडे लग्नाआधी सवाष्णी जेवू घालतात, घरातल्या सवाष्णपणी गेलेल्या बायकांच्या नावाने. माझी आई तशीच गेलेली. तिच्यासाठी पाटावर नवी साडी ठेवली, पुढे केळीचं पान मांडलं आणि मावशीने स्वतः वाढलं: पुरणपोळ्या, वडे, पायसम, भातावर तुपाची धार. काही राहिलं तर नाही ना, म्हणून दोनदा पाहिलं. शेजारी कुमारिका म्हणून मी बसले होते. वाढणारी बाई माझ्यापाशी आली तशी मावशी ओरडली, "पोदुम गे, पोदुम! तिला अर्धी पोळी पुरे. भात नको."

माझं डोकंच फिरलं. गेलेल्या बाईच्या पोटाची एवढी काळजी, आणि तिची मुलगी समोर भुकेने कासावीस! याच मावशीने मला सांगितलं होतं, आईला काडी म्हणून दोन स्थळांनी नाकारलं, मग आजीने तिला ओकारी येईस्तोवर दूधतूप पाजलं.

सवाष्णी उठल्या. आईचं पान घरच्या लेकीने खायचं, अशी रीत. मावशी ते उचलायला वाकली.

"तुला नको गे हे. गाईला घालू."

"गाईला?" मी तिचा हात बाजूला केला आणि त्या पानावर बसले.

"मुलाने नाही म्हटलं तर?"

"म्हणू दे."

माझे वडील, अप्पा, दारात उभे होते. माझा भात बंद होऊन दोन महिने झाले, तरी त्यांनी मावशीपुढे तोंड उघडलं नव्हतं, त्याचा राग मला आजही आहे. "अप्पा, भात वाढा," मी म्हटलं. त्यांनी वाढला.

दुसऱ्या दिवशी मुलाला मीच पत्र लिहिलं: मी पोटभर जेवते, लग्नानंतरही जेवणार. नकार त्याच्या आईकडून आला. मावशी तीन दिवस रडली. मला मात्र स्वतःचीच चीड आली. ते पत्र मी त्याची ओळ वाचली त्याच दिवशी लिहायला हवं होतं.