मास्टरजींची पुडी

लखनौच्या जानकीपुरममध्ये आम्ही राहायला गेलो तेव्हा माझ्या नावाआधी डॉक्टर लागून दोन वर्षं झाली होती. ही पदवी रसायनशास्त्रातली आहे, औषधं देणारी नाही, हे मी शेजाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि दुसऱ्या आठवड्यापासून आपापली पोटदुखी घेऊन येऊ लागले.

शेजारच्या घरात गणिताचे एक निवृत्त शिक्षक आणि त्यांची बायको राहत. गल्ली त्यांना मास्टरजी आणि अम्मा म्हणायची, आम्हीही तेच म्हणू लागलो. मी सांगलीकडची. लखनौच्या थंडीत माणसाने कसं जगायचं हे मला अम्मांनी शिकवलं, आणि माझ्या मुलीला त्रैराशिक मास्टरजींनी.

मास्टरजींना संधिवात होता. त्या वर्षी डिसेंबरात त्यांची बोटं इतकी आखडली की कुर्त्याची बटणं अम्मा लावून देत. मग कोणीतरी त्यांना चिनहटच्या एका वैद्यजींकडे नेलं. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या पुड्या मिळाल्या, रोज सकाळी एक. पाचव्या दिवशी मास्टरजी आमच्या दारात उभे.

"देखिए बिटिया," म्हणाले, आणि आमच्या स्टुलावर बसून उठले. पुन्हा बसले, पुन्हा उठले. असं सहा वेळा. आम्ही नवराबायकोने टाळ्या वाजवल्या.

होळीपर्यंत त्यांचा चेहरा पुरीसारखा फुगला. हातावर कुठेही जरा लागलं की काळंनिळं व्हायचं. सारखी तहान लागायची. अम्मा सगळ्यांना सांगत, "सेहत बन गई है." मला ती सेहत काही बरोबर वाटेना. मी मास्टरजींकडून एक पुडी मागून घेतली.

"कशाला पडतेस यात?" नवरा म्हणाला. "माणूस चालतोय ना?"

नवरा बँकेत होता. चालणाऱ्या खात्याला हात लावू नये असं त्याचं साधारण मत असे.

मी माझ्या कामाच्या प्रयोगशाळेत ती पूड विरघळवली आणि काचेच्या पट्टीवर तिचा एक ठिपका ठेवला, शेजारी मला संशय होता त्या शुद्ध स्टिरॉइडचा. पट्टीचं टोक द्रावकात बुडवलं तसे दोन्ही ठिपके चढत चढत एकाच उंचीवर जाऊन थांबले. शंका नको म्हणून आणखी दोनदा करून पाहिलं. चूक निघाली नाही.

संध्याकाळी मास्टरजींना कागदावर आकृती काढून दाखवली. हे वनस्पतीचं औषध नाही, डॉक्टर फार जपून देतात ती गोळी कुटून यात घातली आहे, हाडं ठिसूळ होतील, साखर वाढेल, सगळं सांगितलं. त्यांनी आकृती नीट पाहिली.

"सिद्ध हो गया," ते म्हणाले. "तो अब?"

"आज से बंद," मी म्हणाले.

त्यांनी उरलेल्या पुड्या त्याच वेळी नालीत टाकल्या. अम्मा दारात उभ्या राहून बघत होत्या.

चौथ्या दिवशी मास्टरजींना उलट्या सुरू झाल्या. सहाव्या दिवशी ते न्हाणीघरात कोसळले. माझा नवरा आणि समोरचे एक गृहस्थ यांनी त्यांना रिक्षात घालून इस्पितळात नेलं, मी मागोमाग पोचले. तिथल्या तरुण डॉक्टरने रक्तदाब पाहिला, सुजलेला चेहरा पाहिला आणि विचारलं, "क्या खाते थे?"

मी सांगितलं. अगदी नेमकं सांगितलं, कारण माझ्याइतकं नेमकं कोणालाच माहीत नव्हतं.

"और बंद किसने कराया?"

"मैंने."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि कोणाला न ओरडता समजावलं. इतके महिने बाहेरून मिळाल्यावर शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. ही गोळी हळूहळू कमी करत न्यायची असते, एकदम तोडली तर माणूस जातो. मला पूड काय आहे ते कळलं होतं. ती सोडायची कशी, हे मला माहीत नाही, एवढंच मला माहीत नव्हतं.

मास्टरजी वाचले. दहा दिवसांनी घरी आले, दुखणंही बरोबर घेऊन. अम्मांनी गल्लीला जे सांगितलं त्यात एक शब्दही खोटा नव्हता: पुडी घेत होते तोवर चालत होते, बिटियाने बंद करायला लावली आणि मरता मरता वाचले. महिन्याभरात आमच्या गल्लीतली चार माणसं वैद्यजींकडे जाऊ लागली. मी संबंधित कार्यालयाला तक्रारीचं पत्र लिहिलं. त्यांनी नमुना मागवला. मग मी घरोघर जाऊन पुडी मागितली. कोणी दिली नाही.

मास्टरजी माझ्याशी पूर्वीसारखेच वागले. एकदा काठी टेकत आले तेव्हा मी म्हणाले, माझं चुकलं. त्यांनी थोडा विचार केला. "उत्तर सही था," म्हणाले. "एक स्टेप छूट गई. दस में से छह दूँगा." मला त्या रात्री बऱ्याच दिवसांनी नीट झोप लागली.

पुढच्या थंडीत अम्मांचाही चेहरा गोल दिसू लागला. त्यांच्या गुडघ्यांचं मला ठाऊक होतं. या वेळी मी त्यांना काही बोलले नाही. मास्टरजींना गाठलं आणि म्हटलं, काहीही बंद करू नका, फक्त इस्पितळातल्या त्याच डॉक्टरकडे घेऊन जा. दोन दिवस भांडण आमच्या भिंतीतून ऐकू येत होतं. मग ते अम्मांना घेऊन गेले. डॉक्टरने मोजून मापून कमी करायला चार महिने लावले. अम्मा नीट राहिल्या. माझ्याशी मात्र बोलत नव्हत्या.

नवऱ्याची बदली पुण्याला झाली. निघायच्या दिवशी सकाळी अम्मा आल्या. गाडीत खायला पुऱ्या आणि बटाट्याची सब्जी आणली होती. डबा त्यांनी नवऱ्याच्या हातात दिला, वर लोणचं आहे, सांभाळून उघडा, हे त्यालाच सांगितलं. माझ्या मुलीचा मुका घेतला. मी शेजारीच उभी होते. मी वाकून पाया पडले तेव्हा त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण बघत होत्या सामानाकडे.

कानपूर गेल्यावर आम्ही डबा उघडला. पुऱ्या चांगल्या झाल्या होत्या.