सुटलेल्या पेशी

कसबा बावड्यातला तो टपरीवाला एका सकाळी आमच्या पॅथॉलॉजी विभागाच्या दारात उभा दिसला, तेव्हा मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटत नाही. माझा भाऊ कॉलेजपासून त्याच्याच टपरीवर तंबाखू-सुपारीचा मावा खायचा. कॅन्सरमुळं जबडा काढल्यावर दादा तिथून जायचा, तेव्हा हा माणूस मान फिरवायचा.

आता त्याच्याच गालातल्या चट्ट्याचा तुकडा आमच्याकडे तपासायला आला होता. त्यानं मला ओळखलं नाही.

पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं एक प्रथिन असतं. माझा अभ्यास त्याचाच. तुकड्याचा पातळ काप रंगवला की पेशींच्या कडा तपकिरी दिसतात, मधाच्या पोळ्यासारख्या. ते प्रथिन गेलं की पेशी सुटतात, आत घुसतात, मानेतल्या गाठींपर्यंत पोचतात. दादाच्या कापात ती जाळी कुठंच उरली नव्हती.

टपरीवाल्याच्या कापातही जाळी नसावी, असं मला फार वाटत होतं. पण ती जवळजवळ शाबूत होती. कॅन्सर होता, पण लवकर सापडलेला. जे दिसलं तेच रिपोर्टात लिहिलं. मग त्याला आत बोलावून मायक्रोस्कोपसमोर बसवलं आणि दादाचा काप लावला.

"ह्यो माजा हाय व्हय?" त्याचं तोंड धड उघडत नव्हतं.

"न्हाय. तुमचा बरा व्हण्यासारखा हाय, ऑपरेशन करून घ्या. ह्यो माझ्या भावाचा. तुमच्याकडचाच मावा खायचा. गेला तो."

त्यानं मायक्रोस्कोपवरून डोळे काढले. मग म्हणाला, "मी काय त्याच्या तोंडात कोंबला न्हवता की."

तेवढं तो बोलला नसता, तर कदाचित मी तिथंच थांबले असते.

ऑपरेशन नीट झालं. गालाला मफलर गुंडाळून तो परत मावा घोटायला बसला. मग मीही कामावरून सुटले की टपरीसमोर उभी राहू लागले. मोबाईलवर दादाचा शेवटचा फोटो लावायचा आणि येईल त्या गिऱ्हाइकापुढं धरायचा. काही जण शिव्या द्यायचे, बरेच जण मुकाट्यानं परत फिरायचे.

"ताई, धंद्याचा टाइम हाय," तो म्हणायचा.

"व्हय, म्हणून तर आलोय."

शेवटी त्याची बायको हात जोडून म्हणाली, "बास करा आता." मी म्हटलं, मावा बंद करा, मग बास.

त्यानं बंद केला. आता चहा विकतो. मी अजून तिथून मुद्दाम जाते. तो मान फिरवतो, आणि मला बरं वाटतं.