वाट लागली, पण झकास

‘आई, वाट लागली. पण झकास लागली!’

त्याचा प्रत्येक व्हॉइस मेसेज या वाक्याने सुरू व्हायचा. आधी जरासं खाकरणं, मग हे वाक्य, मग छोटासा थांबा. हसणाऱ्यांना हसायला जागा करून दिल्यासारखा. बोलायचा तो जर्मनीतल्या कुठल्याशा गारठलेल्या गावातून, त्याच्या आईशी. आणि ऐकायची आमची मुलुंडची अख्खी बिल्डिंग.

तो आमच्या समोरच्या दारातला. बिल्डिंगच्या कंपाउंडमध्ये क्रिकेट खेळायचा तेव्हापासून मी त्याला बघतोय. खेळाडू म्हणून दिव्यच. पण आउट झाला की बॅट टेकवायच्या आधी स्वतःच कॉमेंट्री सुरू करायचा, ‘आणि हा महान फलंदाज शून्यावर परतत आहे, प्रेक्षक त्याच्या नावाने घोषणा देत आहेत, घोषणा छापण्यासारख्या नाहीत!’ दुसरा कोणी हसायच्या आत स्वतःवर हसून घ्यायचं, ही त्याची रीत. तुमच्याही बिल्डिंगमध्ये असा एखादा असेल. आपण त्याला ‘मस्त पोरगा, टेन्शनच घेत नाही’ म्हणतो आणि निर्धास्त होतो.

इंजिनिअर झाल्यावर तो पुढच्या शिक्षणाला तिकडे गेला. पहिल्याच आठवड्यात आईला मेसेज आला. खालच्या मजल्यावरच्या म्हातारीने त्याच्या खोलीबाहेर कागदात गुंडाळून काहीतरी ठेवलं होतं. त्याला वाटलं, शेजारधर्म, केक असणार. उघडून बघतो तर त्याचाच चहाचा चोथा! चुकीच्या डब्यात टाकला होता. ‘आई, हरवलेलं पोर पोलीस जसं घरी आणून सोडतात ना, तसा सोडून गेली गं. वर दारावर चिठ्ठी. इथे चार डबे आहेत कचऱ्याचे. आपल्या घरात माणसं तीन!’

वहिनींनी, म्हणजे त्याच्या आईने, तो मेसेज बायकांच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो घरोघरी गेला.

वहिनी सिंधुदुर्गातल्या. स्वभाव गरीब, आवाज त्याहून गरीब. बिल्डिंगमधल्या बायका मुलांच्या ॲडमिशन-बिडमिशनच्या गप्पा मारायला लागल्या की या कडेला उभ्या राहून कोथिंबीर निवडायच्या. त्या चोथ्याने त्यांचे दिवस पालटले. जिन्यात थांबवून बायका विचारायला लागल्या, ‘नवीन काय आलं हो?’ वहिनी पदराने तोंड झाकून हसायच्या. ‘झील माझो नकलाकार मेलो,’ लेकाबद्दल म्हणायच्या, आणि त्या ‘मेलो’त केवढं कौतुक!

मेसेज येत राहिले. रविवारी दुपारी खलबत्त्यात दाणे कुटले म्हणून तीच म्हातारी वर आली. रविवारी आवाज करायचा नसतो. ‘मग मी दाणे एकेक करून चावले आणि त्यांचं कूट केलं, आई. भेंडीला लावलं नाही, घाबरू नकोस.’ स्वतःचे केस स्वतः कापायला गेला आणि मशीनचा भलताच कंगवा लावला. ‘मधोमध रस्ता, दोन्हीकडे झाडी. आपला हायवे गं!’ सरकारी कचेरीत सगळी कागदपत्रं घेऊन गेला, तर बाईने विचारलं, ही कागदपत्रं दाखवायची वेळ घेतल्याचा कागद कुठाय?

मी स्वतः परदेश पाहिलाय तो नातेवाइकांच्या फोटोंत, त्यांच्या पाठीमागे जेवढा दिसतो तेवढाच. पण ऑफिसच्या कँटीनमध्ये ‘आमच्या समोरच्याचा मुलगा जर्मनीत’ असं म्हणून हे किस्से मी रंगवून सांगायचो. हायवेला दुभाजक मीच घातला. लोक हसायचे. त्यात मलाही उगाचच जर्मनीत जाऊन आल्यासारखं वाटायचं.

मध्ये एकदा बरेच दिवस काही आलं नाही. वहिनी कासावीस. मला वाटलं, मुलाच्या काळजीने. तर त्या फोनवर त्याला सांगत होत्या, ‘बाबू, लोक विचारतत रे. काय तरी पाठव.’

त्याने पाठवलं. नेहमीसारखंच झकास होतं. लिफ्टमध्ये कोणी कोणाशी बोलत नाही, म्हणून त्याने लिफ्टच्या आरशाला ‘काय म्हणता, बरं ना?’ विचारलं. ‘आरसाही जर्मनच निघाला, आई. नुसता बघत राहिला.’ आम्ही पुन्हा हसलो.

मग सव्वीस जानेवारी आली. आमच्याकडे झेंडावंदन झालं की कंपाउंडमध्येच बटाटेवडे आणि चहा असतो. देशभक्तीच्या गाण्यांसाठी भाड्याचा मोठा स्पीकर आणलेला असतो. गाणी संपली होती, वडे संपत आले होते, तेवढ्यात वहिनींचा फोन वाजला. मेसेज त्याचाच. अजून त्यांनीही ऐकलेला नव्हता. कोणीतरी ओरडलं, ‘वहिनी, स्पीकरला लावा! ताजा माल सगळ्यांनी मिळून ऐकू!’ वहिनींनी फोन पुढे केला. त्या दिवशी त्यांनी ठेवणीतली साडी नेसली होती.

खाकरणं आलं. ‘आई, वाट लागली. पण झकास लागली.’ थांबा आला. आम्ही हसून घेतलं.

‘आई, मला परत यायचंय गं. चार दिवस झाले, मी खोलीच्या बाहेर गेलो नाही. चहाचा चोथा कुठल्या डब्यात टाकायचा ते आता कळतं. स्वतःला कुठल्या डब्यात टाकायचं, ते कळत नाहीये.’

काय हशा पिकला म्हणून सांगू! तळमजल्यावरच्या अण्णांना ठसका लागला.

‘मला घ्यायला कोणीतरी येईल का? विमानतळावर नाही गं. इथे, खोलीपर्यंत.’

पुन्हा हशा.

‘हसू नकोस ना, आई.’

यावर तर टाळ्या पडल्या.

माझी बायको तेवढी हसत नव्हती. हातातला वडा तसाच. मला म्हणाली, ‘अहो, तिकडे आत्ता काय वाजलं असेल?’

‘पहाट असेल. का?’

‘पहाटे उठून कोण विनोद सांगतं?’

‘अगं, त्याची स्टाइलच आहे ती.’

‘स्टाइल काय डोंबलाची,’ ती म्हणाली. ती वहिनींच्या दिशेने निघालीसुद्धा. पण वहिनींभोवती गर्दी होती. कोणी पाठ थोपटत होतं, कोणी ‘पोराला नाटकात घाला’ सांगत होतं. हसून हसून वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी फोनचं बटण दाबून धरलं आणि हात उंच केला, सगळ्यांच्या डोक्यांवर. ‘ऐक, बाबू! सगळी कशी हसतत, ऐक!’ आम्हाला चेव आला. आम्ही आणखी मोठ्याने हसलो, टाळ्या वाजवल्या, पोरांनी शिट्ट्या मारल्या. ते सगळं त्यांनी त्याला पाठवून दिलं.

परत येऊ दे म्हणणाऱ्या मुलाला मुलुंडहून गेलेलं उत्तर ते एवढंच.

दुपारी बायकोने वहिनींकडून त्याला फोन लावून घेतला. त्याने उचलला नाही. संध्याकाळी दोन अक्षरी मजकूर आला, ‘मस्त.’

त्यानंतर त्याचा आवाज बिल्डिंगला ऐकू आला नाही. आईलाही नुसतं टाइप करून यायचं. ‘जेवलो.’ ‘ठीक.’ ‘परीक्षा आहे.’ फोन उचललाच तर ‘हां’ आणि ‘बरं’. लोक थोडे दिवस चुकचुकले, मग म्हणाले, भाव खातो. तिकडे गेलं की असंच होतं म्हणे.

शिक्षण पूर्ण झालं, तिकडेच नोकरी लागली, आणि मग तो एकदा पंधरा दिवसांसाठी आला. केस व्यवस्थित, बोलणं बेताचं. जो भेटेल तो म्हणे, ‘अरे, ती चोथ्याची सांग ना!’ तो हसून म्हणे, ‘विसरलो हो.’

जायच्या आदल्या दिवशी मला गच्चीवर भेटला. पाण्याच्या टाकीला टेकून उभा होता. मी आपला उत्साहाने म्हणालो, ‘काय राव, वर्ल्ड फेमस करून सोडलंस आम्हाला आणि मेसेज बंदच केलेस!’

‘त्या दिवशी मी बॅग भरली होती, काका.’

कुठला दिवस, ते मी विचारलं नाही.

‘मग?’

‘मग तुमचं सगळ्यांचं ते आलं. चार-पाचदा ऐकलं मी.’ तो खाली कंपाउंडकडे बघत होता. ‘एवढी माणसं हसतायत म्हटल्यावर मला वाटलं, आपणच विनोद केला असणार. बॅग रिकामी केली.’

अशा वेळी मला खोकला येतो. तो आला.

‘चांगलंच झालं ना एका अर्थी,’ मी म्हणालो. ‘नाहीतर आज ही नोकरी...’

‘हो, हो,’ तो म्हणाला. ‘सगळे तेच म्हणतील.’ आणि माझ्या पाठीवर हात ठेवून खाली गेला. मी त्याच्या बापाच्या वयाचा, आणि समजूत त्याने माझी काढली.

हे मी वहिनींना सांगितलं नाही. पण तो गेल्यावर कधीतरी त्यांनी तो मेसेज एकटीने ऐकला असावा. स्पीकर नाही, गर्दी नाही. एके सकाळी दूध घेताना दारात मला म्हणाल्या, ‘भावजी, तो हसत नव्हतो ओ.’ बस, तेवढंच. त्याच दिवशी त्या बायकांच्या ग्रुपमधून बाहेर पडल्या.

हल्ली रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल असतो. परवा मी कसल्याशा निमित्ताने समोर गेलो, तर दार अर्धवट उघडं. ओट्यावर डब्याला टेकवून फोन उभा केलेला. त्यात तो पाठमोरा, काहीतरी चिरत होता. इकडे वहिनी कांदा चिरत होत्या. कोणीच काही बोलत नव्हतं. किती वेळ चाललं होतं, देव जाणे.

वहिनींनी मला पाहिलं. हात पुसत दाराशी आल्या.

‘काही नाही, सहज,’ मी म्हणालो. ‘काय म्हणतोय?’

‘तुमका काय करूचा हा?’ वहिनी म्हणाल्या. त्याच वहिनी, आवाजाने गरीब. आणि दार लावून घेतलं.

मी जरा वेळ तिथेच उभा राहिलो. आतून सुऱ्यांचा आवाज येत होता. मुलुंडची कुठली आणि तिकडची कुठली, ते बाहेरून कळत नव्हतं.